बर्फाची खेप

हर्णैहून निघताना नऊ लाद्या होत्या,
भाताच्या तुसात, वर ओलं गोणपाट.
आड्याचा चढ गाडीने कुरकुरत का होईना काढला.
केळशीला, सुरूच्या बनापलीकडे, मऊ वाळूत
इंजिन ओरडायला लागलं
आणि चाकं जागच्या जागी,
जसं एखादं माणूस आवाज चढवतं
आणि म्हणत काहीच नाही.

मग तो दिवा लागला.
काट्याशेजारचा, पिवळा, ज्याच्यावर
गाडी माझ्या ताब्यात देताना भावाने बोट ठेवलं होतं:
"हा लागला तर समज, गिअरबॉक्स तापला.
बाकीचे लागतात, लागू देत."

वास आला. काजूची बी भाजताना
टरफलाचं तेल निखाऱ्यावर पडतं, तसा.
मी चावीला हात घातला.

"बंद नको करूस!"
लियाकत म्हालदार होडीवरूनच ओरडला,
लुंगी सावरत गुडघाभर पाण्यातून आला.
अठरा वर्षं मस्कतला, वाळूत गाड्या हाकल्या,
आता दोन सिलिंडरची होडी आणि एक मोतीबिंदू.
"न्यूट्रलला टाक. इंजिन चालू राहू दे.
तेल फिरत राहिलं तर निवेल.
थांबवलंस तर जिथे आहे तिथेच शिजेल."

मी म्हणाले, मागे बर्फ आहे की.
एक लादी फोडून खाली लावू?
तो हसला नाही.
"तापलेल्या बिडाच्या तव्यावर
थंड पाणी ओततेस कधी?"

म्हणून थांबलो.
तुसातून बर्फ ठिबकत होता.
पाणी वळलं होतं, भरतीची पहिली जीभ
मागच्या चाकापासून वीस पावलांवर.
होडीत सतरा टोपल्या बांगडा, वर ऊन.
आणि काटा, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

लियाकतने बॉनेट उघडलं, दांडी उपसली,
पुसली, पुन्हा बुडवली, नाकाशी नेली.
"चांगलं तेल आगळासारखं लाल असतं.
हे बघ, आमसूल होत आलंय."
मग खाली वाकून जाळीत बोट घातलं
आणि तसाच वाकलेला राहिला.
तेल निववायच्या त्या छोट्या जाळीत
सुरूच्या सुया, गच्च, वर्षभराच्या,
मी रोज सावलीला गाडी लावते तिथल्या.

तानुबाई चोगले जाळं सांधत बसली होती.
कुणी हाक मारली नव्हती.
आली, लियाकतला कोपराने बाजूला सारलं,
आणि जाळ्याच्याच सुईने
एकेक फट उकरायला लागली,
दातात बिडी, तोंडाने अवाक्षर नाही.
मी माचिसच्या काडीने चाकांची हवा सोडत होते.
चारही चाकं हळूहळू बसली,
दुपारी जेवून बायका ओटीवर बसतात तशी.

दिवा कधी विझला ते तिघांनाही दिसलं नाही.

"आता तो छोटा दांडा ओढ. खालचा गिअर.
पाय हलका. त्याला घाई कळत नाही गो,
त्याला फक्त कढ कळतो."
गाडी सरकली. पाणी चाकाला लागून परत गेलं.

उतरवल्या तेव्हा साडेपाच लाद्या उरल्या होत्या.
अकरा टोपल्यांना पुरल्या,
सहा तानुबाईने मिठात घातल्या
आणि तीन दिवस मला त्याबद्दल सुनावलं.
लियाकत नऊंचे पैसे देत होता,
मी साडेपाचांचेच घेत होते,
त्यावर आमची जेवढी वेळ गेली
तेवढ्यात आणखी एक लादी वितळली असती.

परतताना आड्याच्या चढावर, माथ्याशी,
मी गाडी कडेला घेतली.
दिवा लागलेला नव्हता. तरी न्यूट्रल केलं,
हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले.
खाली समुद्र, त्याच्यावर ती एवढीशी होडी.
इंजिन आपलं आपण घुमत होतं.
कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं,
बाई उगीच डिझेल जाळतेय.