बी साइडचं शेवटचं मिनिट

रुवीत, गल्लीच्या तोंडाशी, चहावाल्या मल्याळ्याला लागून
माझं दुकान. रुंदी आठ फूट.
वरच्या एसीचं पाणी दारातल्या डब्यात टपटपतं.
पाटीवर सगळ्यात वर अजून रेडिओ आहे,
खाली टीव्ही, त्याखाली व्हीसीआर,
मग पेजर, मग मोबाईल. प्रत्येक ओळीचा रंगारी वेगळा.
जागा संपली, तेव्हा मी पाटी वाढवली नाही.

पोरं येतात. मुकादम अंकल, स्क्रीन गेली,
दहा मिनिटांत द्या, आई व्हिडिओवर थांबलीय.
मी 'आमच्या वेळी' म्हणत नाही.
म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या बंगाल्याकडे जातं.

पण हमीदानं आणि मी
बारा वर्षं एकाच कॅसेटवर संसार केला.
नव्वद मिनिटांची, जपानी.
केळशीचा कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत,
टँगचा डबा आणि टायगर बामच्या मधे.
ती ऐकायची, आणि मग त्याच्यावरच बोलायची.
माझं पुसून तिचं, तिचं पुसून माझं.
दुसरी कॅसेट परवडत नव्हती असं नाही,
सुचलंच नाही.

अदनानचा पहिला शब्द त्या फितीवर होता.
त्याच्यावर मी ओव्हरटाइमचा हिशेब बोललो.

मग टेलिफोन कार्ड आलं. बूथमध्ये घाम,
रांगेतला मागचा माणूस काच ठोकतोय,
भांडण अर्ध्यात असताना पैसे संपायचे,
उरलेलं पुढच्या शुक्रवारी.
आता ती रोज दिसते. दिसते म्हणजे
हनुवटी, आणि वर फिरणारा पंखा.
कॅमेरा वर धर म्हणतो मी. ती म्हणते, धरलाय की.

गेल्या महिन्यात जुन्या ट्रान्झिस्टरांच्या खोक्यात
ती कॅसेट सापडली.
आणि मी, ज्याच्या हातून हजारो यंत्रं जिवंत झाली,
माझ्याकडे ती वाजवायला काही नाही.
वादी कबीरच्या शुक्रवारच्या बाजारात
एका बलुची म्हाताऱ्यानं अर्ध्या रियालला वॉकमन दिला.
उघडला, तर आतला पट्टा
इथल्या इतक्या उन्हाळ्यांनी वितळून काकवी झालेला.
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं, बसवलं.

ए साइडवर मीच. मीच, मीच, खोकला, मीच.
किती रटाळ माणूस होतो.
बी साइडवरही मी, मग मधेच थांबलेला.
मी बोलण्यात कमी, टोकाला कधी पोचलोच नाही.
तिनं मात्र एकदा पार शेवटपर्यंत भरली असणार,
कारण थोडी खरखर, आणि मग ती.

रबर सैल, म्हणून आवाज पुरुषासारखा जाड.
एक वेढा वाढवला. पातळ झाला.
माझ्याशी बोलत नव्हतीच ती. बटण बंद करायला विसरलेली.
कोंबडीला शिव्या देत होती,
कुणाला तरी म्हणत होती, तो मेला पत्र लिहीत नाही,
आणि मागे काहीतरी कुरकुरत होतं.

रात्री फोन लावला. पंखा दिसला.
वॉकमनचा हेडफोन मोबाईलच्या तोंडाशी धरला.
ऐक, म्हटलं.
तिनं ऐकलं. ही कोण बाई, म्हणाली,
बोलणं आपल्याकडचं वाटतंय.
मी काही बोललो नाही.
पुन्हा लाव, म्हणाली. पुन्हा लावलं.
मग पंखा हलला, हनुवटी गेली,
आणि कधी नव्हे तो अख्खा चेहरा पडद्यावर आला,
चष्मा कपाळावर.

अहो, ही तर आपल्या विहिरीची कप्पी.

विहिरीवर मोटर बसवूनच वीस वर्षं झाली.
कप्पी भंगारात मीच घातली होती, सुट्टीत आलो तेव्हा,
तेल घालून कुरकुर जाईना म्हणून.

रबर तेवढ्यात तुटलं.
कोथिंबीर आणायला हवी, मी म्हटलं.
आता? या वेळेला? ती म्हणाली,
आणि तरी फोन ठेवला नाही.