नसलेली रेघ

समाजमंदिराच्या फरशीवर मी खैरीटोला मांडला.
घर म्हणजे चिंचोका:
पोरांचे दात चांगले असतील तिथे घासून पांढरा केलेला,
दातांवर पिवळे पट्टे असतील तिथे काळाच ठेवलेला.
बाटल्यांची झाकणं म्हणजे बोअर, विहिरी, अंगणवाडी.
खडूच्या रेघा म्हणजे
कोणाचा गुंड कुठे भरतो.

मग या जाळ्यात
पुन्हापुन्हा येणारा आकार शोधत बसलो.
सगळ्यात जास्त सापडलं ते
घर, बोअर, घर.
एकेचाळीस वेळा. मी खूश.

फगनीबाई लांजेवार सुपातून मान वर न करता म्हणाल्या,
"हे तं साऱ्याइकडंच हाये जी.
तांदळात तांदूळ सापडला म्हून का सांगतेस?
खडा सापडला तं सांग."

मोठे आकार धरून पाहिले. सात घरं, दोन झाकणं,
मध्येच एक वाकडी रेघ.
असं एकदाच यायचं आणि काहीच सांगायचं नाही,
बोरकरांची गल्ली बोरकरांचीच आहे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी, चहा सांडला म्हणून खाली वाकलो
तेव्हा दिसला तो:
घर, शाळेजवळचा बोअर, अंगणवाडी,
तिघांत तीन रेघा.
लेकरू घरी प्यालं तरी तेच पाणी, खिचडीतही तेच.
काळ्यांत सतरा वेळा.
पांढऱ्यांत एकदा.

त्या एकाकडे गेलो. सुकरू कोडापे.
बोअर दारापासून वीस पावलांवर.
नातवंडं हसली, दात धुतल्या तांदळासारखे.
"दांडा तुटला तवा माह्या थोरल्याचं नाव घेतलं गावानं.
एकोनीस वर्सं झाली.
त्या पान्याले हात नाई लावला आमी."
आणि बाई रोज पाऊण कोस, पळसापलीकडच्या जुन्या विहिरीवर.

ती रेघ मीच ओढली होती.
जवळ आहे म्हणून, कोणाला न विचारता.
अंगठ्यानं पुसली. पांढुरका डाग राहिला.

फगनीबाईंनी सुपातला खडा उचलून
बोअरच्या झाकणावर ठेवला.
"आन् तं नवीन घर? देवांगनाचं?
अजून कौलं नाई चढली. काळं म्हनशील का पांढरं?"

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
मी एक चिंचोका ठेवला, न घासलेला.
खडू खिशातच.
आधी तिला विचारून येतो.