कापणीची रात्र

किसुमूच्या उतारावर, पत्र्याच्या खोलीत,
अंड्यांच्या रिकाम्या ट्रेंमधून
अवुओरची शेती किरकिरते.
चाळीस हजार रातकिडे, ती म्हणते.
मोजायला कोण बसलंय!

सरोवरातली ओमेना मासळी जाळ्याला नावापुरती लागते;
नवऱ्याच्या होडीत आता कोंबड्या अंडी घालतात.
यांना लागतं तरी काय?
रताळ्याचा पाला, ओला कापूस, थोडी ऊब.
"एवढ्यात गाय नुसती शेपूट हलवेल."

नैरोबीहून आलेला पोरगा पिठाचं पाकीट दाखवतो:
प्रथिनं इतके टक्के, पाणी इतकं वाचलं.
ती पाकीट फोडून आधी हुंगते.
वास तोच,
लहानपणी कंदिलाखाली पकडून
तव्यावर टाकायचो तेव्हाचा.
किंमत तेवढी नवी.

आज कापणी.
ट्रे एकेक करून फ्रीजरमध्ये जातात.
आवाज विरळ होतो,
मग कोपऱ्यातला एकटाच,
मग तोही नाही.

मध्यरात्री धाकटा ओबुया दचकून उठतो.
"आई, काय झालं?"
"काही नाही. झोप. उद्या लापशी आहे."
आणि स्वतः जागी राहते,
बियाण्यासाठी राखलेल्या ट्रेमधला
एखादा
पुन्हा सुरू करेपर्यंत.