उभी

अकरा वर्षं झाली मला
पांढरकवड्याच्या या दुकानात उभं राहून.
सकाळी दहा ते रात्री नऊ.
जेवण गोदामाच्या पायरीवर, दहा मिनिटं,
डब्यात तुरीच्या सोल्यांची भाजी
आणि एक कान दुकानाकडे.
पोटऱ्यांवर निळ्या शिरा उमटल्यात,
नकाशातल्या पैनगंगेला फाटे फुटावेत तशा.

कोणी कुठं दिसायचं ते शेठनं ठरवलेलं.
आरशाजवळ गोरी श्रुतिका,
"दुकानाले चेहरा लागते" म्हणून.
मी साड्यांच्या घड्या मोडते, परत घालते.
माळ्यावर फॉल-पिकोच्या मशीनवर इरफान,
त्याला खालून हाक मारायची ती
"राजू!"
पहिल्या दिवशी तो वळलाच नव्हता,
आम्हाला वाटलं, ऐकू कमी येतं.
आणि लेतू टेकाम मागं, गोदामात,
डोक्यावर गठ्ठा, कपाळावर सुतळीचा वळ.
तीन वर्षांत त्याचा आवाज मी
फार तर "सरका" एवढाच ऐकलेला.

फेब्रुवारीत, कापसाचे चुकारे हातात आल्यावर,
कोलामांच्या पोडावरून तेरा माणसं आली
लग्नाचा बस्ता घ्यायला.
चपला बाहेर काढल्या, उन्हात.
आमच्या दारावर तसं कुठं लिहिलेलं नाही.
शेठ मान न उचलता बोलला,
"निर्गुणाबाई, खालच्या रॅकमधलं दाखवा यायले."

खालच्या रॅकमधलं रंग सोडतं.
मी दाखवलं.
हे सांगायलाच हवं : मी दाखवलं.

त्यांच्यातली म्हातारी काहीतरी बोलली,
माझ्याकडे बघत.
कोणालाच कळेना. श्रुतिका हसली,
मग शेठ हसला, म्हणून मीही.
तेवढ्यात गोदामाच्या दारातून उत्तर आलं,
कोलामीत.
लेतू गठ्ठ्यासकट थांबला होता.
म्हातारीनं त्याला वरून खाली न्याहाळलं,
बहुतेक कुणाचा कोण ते विचारलं,
आणि तो गठ्ठा उतरवून
सरळ येऊन गादीवर बसला,
जिच्यापाशी तो फक्त झटकायला यायचा
त्या पांढऱ्या गादीवर.

हात वर केला. वरचा रॅक.
करवती काठ, मोरपंखी, हळदी, पुन्हा मोरपंखी.
एवढं बोलतो हा?
नवरीनं पदर हनुवटीखाली धरून आरशात पाहिलं
तेव्हा श्रुतिका आपणहून बाजूला झाली.

बिल झालं बेचाळीस हजारांचं.
"लेत्या, उद्यापासून तू समोर,"
शेठच्या आवाजात साखर.
नव्या शर्टाचे तीनशे
त्याच्याच पगारातून कापले,
ते पुढच्या महिन्यात कळलं.

रात्री शटर ओढताना मी विचारलं,
"काय म्हने रे ते बुढी, माह्याकडे पाहून?"
तो कुलपापाशी जरा घुटमळला.
"म्हने, ते बाई कवाची उभी हाये.
तिले बस म्हनाले
कोनी नाही काय तुमच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी
होजिअरीचं रिकामं खोकं उलटं केलं
आणि बसले.
ते दबलं, तरी बसले.
"गिराईक काय म्हनन?" शेठ.
"गिराईकच म्हनलं," मी.

आता तिथं प्लास्टिकचं स्टूल आहे, एकच,
एकशे ऐंशीचं, माझ्याच पैशाचं.
गर्दी झाली की शेठ ते पायानं आत सरकवतो,
गर्दी ओसरली की मी बाहेर ओढते.
श्रुतिकाही बसते कधी कधी, टाचा चोळत.
इरफाननं उरल्यासुरल्या फॉलची
एक पातळ गादी शिवून दिली त्यावर.

मी त्याला इरफानच म्हणते आता,
मोठ्यानं, गिराईक असताना.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा
माळ्यावरची मशीन थांबली
आणि बराच वेळ
परत सुरू झाली नाही.