वीस किलोच्या पटीत

मडिवाळप्पानं एका बोटावर उचलून दाखवली.
"हगूर ऐति नोड्री," म्हणाला, मग माझ्याकडं बघून मराठीत,
"आठ किलो चारशे, बाई. वाऱ्यागत जातीया."
आणि दुसरी, भिंतीला टेकवलेली, शेवाळी रंगाची,
तेरा किलो सहाशे,
जाड टायर, मडगार्ड, कॅरिअरला भोकं तयार.
"ही कश्याला पण चालतंय."

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वजनकाट्यावर
एकोणीस वर्षं बसते मी.
भंगाराचे ट्रक येतात, ओतीव मालाचे जातात,
भरलेलं वजा रिकामं, खाली सही.
वजन म्हणजे काय हे मला कुणी सांगू नये.
तरी सगळे सांगत होते.
बिर्जे मामा: रस्ते बघितलीस काय आपले?
नणंद: कॅरिअरची घे, दळण तरी आणशील.
दर्शन: दोन्ही जमेल अशी घे, आई,
तू दोन्हीच करतेस नेहमी.

रविवारी आधारकार्ड ठेवून घेऊन
मडिवाळप्पानं दोन्ही फिरवायला दिल्या.

आधी शेवाळी. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची,
बांधाबांधावर रताळ्यांची पोती शिवून ठेवलेली.
खड्डा आला, गेला. गतिरोधक आला, गेला.
शिनोळीत चहा सांगितला, वर बघितलं,
पाटीवर नुसती मराठी,
तेव्हा कळलं की हद्द मागंच गेली.
शहाण्या म्हशीसारखी सायकल.
मला काही कळू दिलं नाही तिनं.

दुपारी तीच वाट, हलकीवर.
टायर माझ्या अंगठ्याएवढं.
बाचीच्या पुढं डांबर बदलतं
ते आधी तळहातांना कळलं, मग दातांना, मग मला.
अलीकडची खडी एका मापाची, पलीकडची दुसऱ्या,
मध्ये वीतभर शिवण, दोघांनीही न बुजवलेली.
तिथं चाक ठक् म्हणालं.
लहानपणापासून या हद्दीची भाषणं ऐकली,
मोर्च्याला बाबांच्या खांद्यावर बसून गेले,
पण ती अशी मनगटात
पहिल्यांदाच आली.

येताना सुळग्याच्या उतारावर
माझ्याकडं कुणाचंही दळण नव्हतं.

हलकं काम, हलक्या कानाची, हलक्या घरची.
आमच्यात हलकं म्हणजे बहुतेक वेळा वाईटच.
मडिवाळप्पाच्या हगूरमध्ये
मला तरी असलं काही ऐकू येत नाही.
आणि कश्याला पण चालतंय, हे तर
माझ्याचबद्दल म्हणत आलेत:
कॅन्टीनचा हिशोब, गेटपास,
साहेबांच्या सासूचं रेल्वे तिकीट,
काटा बंद असला की पॅकिंग.
घरात तसली एक आहे. तेवढी पुरे.

सोमवारी दोन ट्रकांच्या मधल्या वेळात
हलकी काट्यावर नेऊन उभी केली.
स्टँड नाही तिला, म्हणून मी बाहेरून
सीटला नुसतं बोट लावून.
आमचा काटा वीस किलोच्या पटीत दाखवतो.
तेरा किलो सहाशेला त्यानं वीस म्हटलं असतं,
वर सहा किलो चारशे पदरचे घालून.
बिर्जे मामा आतून ओरडले, "शून्य!
काय ठेवलीस गं वर?"
काही नाही, म्हटलं, चिठ्ठी काढा.
भरलेलं शून्य, रिकामं शून्य,
खाली माझी सही. पर्समध्ये आहे.

वडगावात आमची गल्ली पाइपांसाठी खणलेली,
शेवटची दोनशे पावलं
ती माझ्या खांद्यावर बसून येते.
दळण दर्शन आणतो, कुरकुरत.
महिन्यात पंक्चर तीन झालीत.
नणंदेला एकच सांगितलंय.