साठ लिटर

नाऊवोचं बंदर रिकामं झालंय. पंपाचं पाणी
सोमवारी तोडणार, म्हणतो लासे.
म्हणजे आज, नाहीतर एकदम मे महिन्यात.

गुनवोर डेकवरचं पितळी झाकण उघडते.
किल्ली अजून त्याच्याच बुटाच्या नाडीत ओवलेली.
हे काम कायम होल्गरचं. ती तोवर
कॉफी आणायला जायची, वाऱ्याची दिशा बघून.

आधी हवेची नळी बघ, नाहीतर टाकी
पत्र्याच्या डब्यासारखी चेपेल, हे तो दर वेळी सांगायचा,
कुणी विचारलेलं नसताना.
नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. काडीने काढते.

होज टेकवते. पंप खोकतो, मग धरतो.
काचेच्या तुकड्यामागून जातंय सगळं तपकिरी:
जुलै, आणि ऑगस्टचे पहिले नऊ दिवस,
भाजलेला पर्च, नवे बटाटे, तिची बीअर, त्याच्या गोळ्या.
दोघांचं. वेगळं करता येण्यासारखं नाही.

यात रडण्याजोगं काय आहे,
ती स्वतःलाच दटावते.
नाक गळतंय ते वासानं, असं धरून चालते.

एकदा धुते, दोनदा, मग व्हिनेगर घालून.
काच स्वच्छ. नुसतं पाणी. मग तेही नाही.
पंप कोरडाच घरघरतोय,
तिचं बोट बटणावर.

"झालं की!" लासे धक्क्यावरून ओरडतो.
"दिसतंय मला."

आता ग्लायकॉल ओतायचं, गोठायच्या आत.
किती,
तेवढं मात्र तो कधी बोलला नव्हता.