चाळीस ओहम

सुआमेच्या गल्लीत ट्रेलर मागे घ्यायला
पाऊण तास गेला.
उतरलं तेव्हा ते पोकलेन
पिवळं कमी, लाल मातीचं जास्त.
दारावर जपानी अक्षरांतली सूचना,
कुमासीत कुणालाच वाचता न येणारी,
म्हणून आजवर कुणी न मोडलेली.

सार्पोंग म्हणाला, चालतं, आणि मग एकाएकी थांबतं.
पडद्यावर येतं: संपर्क तुटला.
कुणाचा कुणाशी, ते काही सांगत नाही.
तिघांनी सांगितलंय, कंट्रोलर मेला.
नव्यासाठी टॅक्सी काढलीय विकायला,
गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय.

मी आधी बॅटरी सोडवली.
फीफीला म्हटलं, पोरा, ह्याची ताकद तेलात,
पण बोलणं दोन तारांवर.
एक पिवळी, एक हिरवी, वेणी घातल्यासारख्या.
एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते,
आणि दोघींतल्या त्या फरकातच
पंप, इंजिन, पडदा
एकमेकांचं ऐकतात.
दोन टोकांना दोन रेझिस्टर, एकशेवीसचे,
बोललेलं आपटून माघारी येऊ नये म्हणून.
मीटर लावला की साठ यायला हवेत.

चाळीस आले.

टोकं पुसून पुन्हा लावला.
चाळीस.

एकशेवीस आले असते तर कुणीतरी गेलं, इतकं कळलं असतं.
चाळीस म्हणजे सगळे जागेवर आहेत
आणि शिवाय कुणीतरी येऊन बसलंय.

हरमॅटनची धूळ दातांत.
फीफी मीटर धरून आकडे ओरडतोय,
मी एकेक जोड सोडवतेय.
पडदा काढला, चाळीस. पंप काढला, चाळीस.
इंजिनचा काढला, आणि साठ!
फीफी नाचायलाच लागला.
थांब, म्हटलं. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा असतोच.
तिघांतला कुणीही उठला तरी साठच येणार.
आगंतुक कोण, ते आकडा सांगत नाही.

मग सीट काढली, पत्रा काढला,
वाकून वाकून कंबर गेली.
पंपाच्या वळणाशी, तेलात भिजलेली,
काळ्या टेपची एक गाठोडी.
टेप डावीकडून गुंडाळलेली.
आत मासेमारीचा दोरा,
त्याला दुहेरी गाठ,
एल्मिनाला बाबा जाळ्याला मारायचे तशी.

मी डावखुरी आहे.

सहा वर्षांपूर्वी, ओबुआसीच्या रस्त्यावर, रात्री,
मालक दुसरा, रंग दुसरा,
टॉर्च तोंडात धरून मी डाग दिला होता.
तेव्हा मीटर एकशेवीस दाखवत होता, एक टोक मेलेलं,
मी माझ्याजवळचं एक जोडलं.
पोकलेन सकाळी कामाला लागलं,
मी रात्रीचे दुप्पट घेतले
आणि कुठे काही लिहून ठेवलं नाही.
नंतर कुणा भल्या माणसाने
मेलेलं टोक शोधलं, नवं बसवलं, अगदी कंपनीचं.
त्याचंही काही चुकलं नाही.
माझ्याबद्दल त्याला कोण सांगणार?

आणि त्या घाईत मी तारांची वेणी वीतभर उसवलेली.
सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात;
इथे सुंभ शाबूत होता,
पीळ मी काढला होता.

कापला. साठ.
नव्या तारा पुन्हा पिळून घातल्या, चिकट होईतो टेप लावली.
बॅटरी जोडली. पडदा उजळला, काहीच बोलला नाही.
सार्पोंगने बादली वर नेली, खाली आणली,
तासभर चिखल इकडचा तिकडे केला,
मग फोन काढून कुणाला तरी म्हणाला,
टॅक्सी नाही विकायची.

काय होतं, त्याने विचारलं.
जुनी दुरुस्ती, मी म्हटलं.
कुठल्या गाढवाची?
फीफी माझ्या डाव्या हाताकडे बघत होता.

सीटखाली पांढऱ्या रंगाने तारीख लिहिली,
तिसरा काढला असं लिहिलं, खाली पोकुआ.
मग बिलातून सहा वर्षांपूर्वीची रक्कम वजा केली.
सार्पोंगने दोनदा मोजलं, हसला,
आणि माझी बेरीज कच्ची समजून
मुकाट्याने पैसे देऊन गेला.